कंट्रोलची नळी

आधी माफी मागून घेते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांटी पहिली की दुसरी हे मला कधीच कळलं नाही, आणि माझी अक्षरं पावसात भिजलेल्या कोंबड्यांसारखी एकमेकांना चिकटून बसतात. कुणी हे वाचलंच, तर जिथे अडेल तिथे अंदाजाने पुढे जावं. आठल्ये सर तसंच करायचे.

हे आठल्ये सर नळ्यांशी बोलायचे.

बोटाएवढ्या काचेच्या नळ्या. त्या स्टँडमध्ये ओळीने लावायच्या, स्टूल पुढे ओढायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि आपलं तोंड नळ्यांच्या तोंडाशी नेऊन विचारायचं, "काय मंडळी, झोप झाली का?"

माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच विचारतायत. मी मोरीतून म्हटलं, "हो, झाली."

सरांनी वळून पाहिलं. "तुमची नाही हो बाई. यांची."

नव्वद साल उलटून गेलं होतं. तारापूरच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना होता. मी कुंभवलीची, घरापासून चालत वीस मिनिटं. लॅबमध्ये काच धुवायचं काम मिळालं. माझा स्वभाव असा की एसटीत कंडक्टरने सुटे मागितले तरी मला घाम फुटायचा. काच बोलत नाही म्हणून मला ते काम आवडलं. सरांनाही काच आवडायची. ती मध्येच बोलत नाही म्हणून.

सर साठीला आलेले, उंच, खांद्यात वाकलेले. शर्टाच्या खिशात चार पेनं, त्यातली दोन गळकी. मूळचे पुण्याचे, पण बोईसरला स्टेशनजवळ एक खोली भाड्याने घेऊन एकटेच राहायचे आणि पहिल्या शिफ्टच्या बसने यायचे. नावापुढे डॉक्टर होतं, त्यामुळे कारखान्यातली माणसं ताप आला की त्यांच्याकडे गोळ्या मागायला यायची. सर सांगायचे, "अहो, मी माणसांचा नाही, जंतूंचा डॉक्टर." माणसं मान डोलवायची आणि म्हणायची, "जंतूंमुळेच ताप हाय ना सर."

त्यांना प्रत्येक गोष्टीचा आकडा लागायचा. मी म्हटलं, आज लय उकडतंय, की लगेच, "आकडा सांगा!" मी म्हटलं, घोळीची आमटी छान झाली होती, तरी, "आकडा सांगा!" कॅन्टीनचा चहा आला की खिशातून थर्मामीटर काढून कपात बुडवायचे. "एकाहत्तर. थांबा." सगळे थांबायचे. "अठ्ठावन्न. आता प्या." टाकी चालवणारा रामआसरे त्याचा कप कधीच संपवून बसलेला असायचा. तो विचारायचा, "साब, चाय को बुखार है क्या?"

आता काम काय होतं ते सांगते. कापड विणायच्या आधी सुताला खळ लावतात, नाहीतर धागा तुटतो. विणून झालं की तीच खळ काढावी लागते, नाहीतर कापडाला रंग नीट चढत नाही. खळ काढायचं औषध, म्हणजे एन्झाइम, आमचा शेठ परदेशातून पिंपांत मागवायचा आणि इथे लहान कॅनमध्ये भरून आसपासच्या कापडवाल्यांना विकायचा. सरांनी त्याच्या डोक्यात घातलं, की हे आपण इथेच बनवू.

त्यासाठी सर सातिवलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेले. तिथे माणसं खरूज बरी व्हावी म्हणून आंघोळ करतात. सर तिथला बाटलीभर चिखल घेऊन आले. त्या चिखलात एक जंतू होता, जो कढत पाण्यातही खळ खायचा.

"खळ म्हणजे काय, मथुराबाई? साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ. हा पठ्ठ्या ती माळ तोडतो. तुटली की साखर."

"मग त्यालाच टाकीत सोडा की."

"तो फार संथ आहे हो, आणि नखरेबाज. म्हणून त्याच्यातली माळ तोडायची अक्कल तेवढी काढून घेतली आणि एका साध्या, भरभर वाढणाऱ्या जंतूत बसवली. आता हा साधा जंतू ते काम करतो. काम परक्याचं, घर याचं."

मी थोडा विचार केला. "म्हणजे सून आणली."

सरांनी चष्मा डोळ्यांवर ओढून माझ्याकडे पाहिलं.

"सून माहेरची आमटी शिकून येते आणि सासरी करते," मी म्हटलं. "सासरच्यांना आयती मिळते."

त्या दिवसापासून त्या एन्झाइमचं नाव सूनबाई पडलं. कागदावर त्याचं एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण सर स्वतःही ते विसरले असावेत. ज्या जंतूंनी सून घरात घेतली नसेल ते मरावेत म्हणून जंतू वाढवायच्या बशीत एक औषध घालायचे, तेव्हाही सर बशीला ठणकावून सांगायचे, "सुनेला घराबाहेर ठेवणाऱ्यांची इथे गय नाही!"

हे सगळं फुकट होत नव्हतं. जंतू वाढवायची टाकी आणि थंडीत गरगर फिरणारं एक मशीन शेठने घेतलं होतं, आणि त्याच्या कागदावर सरांची सही होती. शेठ गुजराती, आपल्या पद्धतीचं मराठी बोलायचा. एकदा लॅबमध्ये उभा राहून त्याने सगळ्यांसमोर तो कागद समजावला.

"साहेब, आ टाकी, आ मशीन, सगळा तुमच्या सहीवर आला. दिवाळीपर्यंत मला रिपोर्ट पायजे, किती गरम पाण्यात किती खळ खाते. रिपोर्ट नाय तर गिरणीवाला घेणार नाय. मग पैसा तुम्ही भरायचा, आणि लॅबला कुलूप. आणि काम झाला, तर विक्रीतून पैसा कापणार. पूरा फिटेपर्यंत तुम्ही इथून हलायचा नाय. बराबर?"

"बरोबर," सर म्हणाले आणि नळ्यांकडे वळले. "ऐकलंत ना?"

ऐकलं मी. कुलूप लागलं तर मीही घरी बसणार होते. पण सरांचं जास्त वाईट वाटलं. एवढा शिकलेला माणूस, कागदावर बांधला गेला होता.

रिपोर्टच्या चाचण्या सुरू झाल्या. सर म्हणाले, "या नळ्यांवर लिहा, एक ते सात. आणि आठवीवर लिहा, कंट्रोल."

मी लिहिलं. मग न राहवून विचारलं, "हिच्यात कंट्रोलच्या तांदळाची खळ हाय काय सर?"

आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. दुसरा अर्थ मला माहीत नव्हता.

"छे छे. कंट्रोलमध्ये काहीच नसतं."

"ते माहीत हाय. मागल्या महिन्यात साखरपण नव्हती."

सर इतके हसले की त्यांना खोकला आला. मग नीट सांगितलं. आठही नळ्यांत सारखीच खळ. सातांत सूनबाई थोडी थोडी घालायची, आठवीत नाही. अर्ध्या तासाने सगळ्यांत आयोडीनचा थेंब. खळ उरली असेल तर नळी निळी होते, संपली असेल तर पातळ चहासारखी पिवळट राहते. "कंट्रोल निळी झालीच पाहिजे. तिच्यात खळ खायला कुणी नाहीच. ती निळी, तर बाकीच्या सातांवर विश्वास. ती फिकी, तर सगळं खोटं."

आणि कंट्रोल फिकी पडायला लागली.

कढत पाण्यात ठेवली की निळीच राहायची, पण कोमट पाण्यात एकदा फिकी, दोनदा फिकी, मग रोजच. कधी अर्धवट राखाडी, कधी साफ पिवळी. सर म्हणाले पाणी बदला. पाणी बदललं. खळ नवी आणली. आयोडीनची बाटली नवी आणली. कंट्रोलचं काही सुधारेना. ती जितकी बिघडायची तितके सर तिला जवळून समजावायचे. "अगं, तुझ्यात कुणी नाही, मग खातं कोण? मला तरी सांग. मी कुणाला सांगणार नाही." नाक जवळजवळ नळीतच.

शेठच्या कानावर गेलं. तो आला आणि मोरीकडे बोट करून म्हणाला, "बाई बराबर धूत नाय. जुना माल आत राहते. बाई बदला."

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.

सर म्हणाले, "शेठ, मथुराबाईंनी धुतलेल्या काचेत मी श्रीखंड खाईन."

"ते खा. पण रिपोर्ट?"

 मी दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नळी साबणाने, मग आम्लाने, मग नळाच्या पाण्याने, मग तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुवायला लागले. माझ्या बोटांची सालं निघाली. कंट्रोल फिकी ती फिकीच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवाळी एका पानावर येऊन ठेपली.

मग सरांची दाढ दुखली.

बोईसरच्या दातांच्या डॉक्टरने ती उपटली आणि तोंडात कापसाचा बोळा कोंबून दिला. दोन दिवस सर हातवारे करून बोलत होते. नळ्यांकडे नुसते बघायचे आणि मान हलवायचे. त्या दोन्ही दिवशी कंट्रोल अशी निळी झाली, की पिकलेलं जांभूळ. सरांनी बोळ्यासकट मला टाळी दिली. तिसऱ्या दिवशी बोळा निघाला. सरांनी स्टूल ओढलं आणि दोन दिवसांचं साठलेलं सगळं कंट्रोलला सांगितलं. "शाब्बास! मला माहीतच होतं, तू मनाची वाईट नाहीस!"

अर्ध्या तासाने ती फिकी.

त्या दुपारी डबा खाताना माझा भाताचा घास तोंडातच घोळत राहिला. गोड लागायला लागला. भात खूप वेळ चावला की गोड लागतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पण सरांचं वाक्य आठवलं, माळ तुटली की साखर. म्हणजे माझ्या तोंडातही कुणीतरी माळ तोडत होतं. आणि सरांच्या तोंडातही.

कळलं तरी सांगणार कसं? ज्यांना सगळे साहेब म्हणतात, त्यांना तोंडावर सांगायचं की तुमची थुंकी उडते? मी मोरीत उभी राहून वाक्यं जुळवली. एकही मला बोलता येईना. दोन दिवस तसेच गेले.

तिसऱ्या दिवशी सर जेवायला कॅन्टीनला गेले, तेव्हा मी दोन नळ्या घेतल्या. दोन्हीत नुसती खळ. एकीच्या तोंडावर स्वच्छ झाकण. दुसरी सरांसारखी तोंडाशी धरली. आता बोलायचं. पण नळीशी काय बोलायचं ते मला सुचेना. शेवटी सतराचा पाढा म्हटला. येत होता तिथवर, तीन वेळा. मग दोन्ही कोमट पाण्यात ठेवल्या, वेळ झाल्यावर आयोडीनचे थेंब घातले आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर 'बोल्लेली', दुसरीवर 'न बोल्लेली'. सरांच्या टेबलावर ठेवून मोरीत जाऊन उभी राहिले.

सर आले. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मथुराबाई, इकडे या."

मी गेले. फरशीकडे बघत उभी राहिले.

"काय बोललात हिच्याशी?"

"सतराचा पाढा."

"कुठपर्यंत?"

"सतरा साती एकशे एकोणीस. पुढं येत नाय."

सरांनी एका हातात निळी धरली, एका हातात पिवळी. पुन्हा खाली ठेवल्या. मग हळूच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि हाताआडून विचारलं, "मी थुंकतो?"

"नाय सर. उडते."

"आक..." एवढं म्हणून ते थांबले. तो आकडा त्यांना नको होता.

मग एकदम टेबलावर थाप मारली. "म्हणून! म्हणून कढत पाण्यातली कंट्रोल निळी राहत होती आणि कोमट पाण्यातलीच बिघडत होती! कढत पाण्यात थुंकीतलं एन्झाइम मरतं. सूनबाई जगते. अहो, हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. मथुराबाई, पीएचडी कुणाची?"

"तुमची."

"उपयोग काय तिचा!"

मी जुन्या मलमलीची चार पदरी पट्टी शिवून आणली, कानामागे बांधायला नाड्या लावून. दुसऱ्या दिवसापासून सर पट्टी बांधून कामाला बसले. शेठ आला, सरांचं पांढरं तोंड बघून दारातच थबकला आणि दोन्ही हात जोडले. तो स्वतः जैन होता, आणि त्यांचे साधू तोंडाला अशीच पट्टी बांधतात. "साहेब, दीक्षा लीधी?"

कंट्रोल पुन्हा कधी फिकी पडली नाही. सरांनी टाकीतला काढा तापवला, तेव्हा बाकी सगळं दूध फाटावं तसं फाटून खाली बसलं आणि सूनबाई एकटी वरच्या पाण्यात शाबूत राहिली. मग तीस डिग्री, चाळीस, पन्नास करत नव्वदपर्यंत तिची परीक्षा झाली. आंबट पाण्यात, खारट पाण्यात झाली. कागदावर रेघ काढली ती सावकाश चढून वर सपाट झाली आणि पलीकडे उतरली. मी म्हटलं, "पालघरचा काळदुर्ग डोंगर." सर म्हणाले, "माथा सपाट आहे तेच बरं. गिरणीवाल्याचं पाणी थोडं इकडे तिकडे झालं तरी सूनबाई रुसणार नाही."

रिपोर्ट दिवाळीच्या आधी चार दिवस गेला. गिरणीवाल्याने कापडाचा तुकडा बुडवून काढला, त्यावर आयोडीन टाकलं, निळं झालं नाही. शेठने सगळ्यांना मिठाई वाटली. माझ्या हातावर दोन जास्त ठेवल्या, पण माझ्याकडे न बघता.

लॅब मात्र गप्प झाली. पट्टी बांधलेले सर नळ्यांपुढे बसायचे आणि फक्त नळ्या तापवायच्या भांड्यातलं पाणी गुरगुरायचं. पहिला आठवडा ते तसेच राहिले. मग दर तासाला उठून मोरीपाशी यायला लागले. पट्टी हनुवटीवर ओढायची, मोरीच्या कठड्याला टेकायचं आणि बोलायला लागायचं. लहानपणी सायकलवरून पडलेले ते. खोलीच्या मालकाची मांजर यांचंच दूध पिते ते. पुण्यात वाड्याच्या जागी बिल्डिंग झाली, तिथे आता पुतण्या राहतो, त्याच्या दारावरच्या पाटीवर कुणाकुणाची नावं आहेत ते. त्यात यांचं नव्हतं. मी नळ्या धूत ऐकायचे. मध्ये बोलायची मला सवयच नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "मथुराबाई, तुमच्या घरी जेवताना कोण कोण बोलतं?"

"सगळीच बोलतात. ऐकत कोण नाय."

"अरे वा," सर म्हणाले. मग पट्टी वर करून गेले.

रविवारीही ते कारखान्यात यायचे. जंतूंना रविवार नसतो म्हणायचे. वॉचमनने मला सांगितलं, रविवारी टाकी बंद असली तरी येतात.

सूनबाईचे कॅन भरून जायला लागले. कागदात ठरल्याप्रमाणे प्रत्येक विक्रीतून टाकीचे आणि मशीनचे पैसे कापले जात होते. आम्ही सगळे ते फिटायची वाट बघत होतो. रामआसरे दर महिन्याला येऊन सांगायचा, "साब, अब थोडा ही बाकी है. फिर आप आज़ाद." सर म्हणायचे, "हो का," आणि दुसरंच काहीतरी विचारायचे. आम्हाला वाटायचं, कंटाळलेत.

तिसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी शेठ स्वतः लॅबमध्ये आला. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात तो सहीचा कागद. कागदावर लाल शाईने आडवी रेघ मारलेली होती. सरांच्या हातावर पेढा ठेवून म्हणाला, "साहेब, आजपासून तुम्ही छुट्टा. लई केला आमच्यासाठी. आता पुण्याला जा, आराम करा. मी दुसरा माणूस बघून ठेवला हाय."

रामआसरेने टाळ्या वाजवल्या. सरांनी पट्टी खाली ओढली, कागद घेतला आणि वाचला. मग उलटून मागची बाजू बघितली. तिथे काहीच नव्हतं. पुन्हा पुढून वाचला.

"शेठ, हिशेब एकदा परत बघता का? कुठेतरी थोडं राहिलं असेल."

"नाय साहेब, बराबर हाय."

"एखादा कॅन परत आलेला असेल. गेल्या पावसात दोन फुटले होते, ते धरलेत का? मशीनची दुरुस्ती झाली होती, ती माझ्या नावावर घाला हवी तर. घाई नाही. सावकाश फिटेल."

मी मोरीतला नळ बंद केला.

शेठला ती सरांची गंमत वाटली. तो पोट धरून हसला, सरांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "काय साहेब तुम्ही! एक पैसा बाकी नाय. पूरेपूर फिटला."